अळवातली तार

उस्मान घड्याळजीला घाणीची किळस कधीच नव्हती. गटारात पडलेलं घड्याळ तो निमूट उचलायचा, घासलेटात धुवायचा आणि चालू करून हातात द्यायचा. त्याला शिसारी यायची ती खोट्या ऐटीची. भोरच्या पेठेतल्या त्याच्या दुकानात कुणी बंद घड्याळ नुसतं साखळी दिसावी म्हणून खिशात घालून आला, की याचं डोकं फिरलंच. "वेळ सांगत न्हाई तर मिरवताय कशाला? त्यापरीस दगड बांधा की साखळीला!" असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचा. मग गिऱ्हाईक कसलं पुन्हा येतंय!

पहिल्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याला बिनतारी पलटणीत होता. कानाला फोन लावून वाऱ्यावरचे संदेश टिपायचे, हे काम त्यानं दोन वर्षं केलं आणि तो नाद जन्माचा लागला. घरी आल्यावर दुकानामागच्या खोलीत त्यानं हातानं सेट बांधला, ऐकायचाही आणि बोलायचाही. रीतसर परवाना काढला. कोलंबोतल्या कुणा हौशी माणसाशी तो टिकटिक करत गप्पा मारायचा, आणि त्या माणसाचं तोंड कधी न बघताही त्याच्या बायकोच्या दम्याची चौकशी करायचा. मग ही दुसरी लढाई पेटली. हौशी लोकांची यंत्रं सरकारजमा झाली. उस्मानचा सेट लाखेचा शिक्का लावून कचेरीतल्या कपाटात गेला. बाजारातले विकतचे रेडिओ मात्र ज्याच्या त्याच्या घरी राहिले, म्हणजे ज्यांना कळत होतं त्यांचं गेलं आणि ज्यांना मिरवायचं होतं त्यांचं राहिलं. चांगला न्याय!

पौषातल्या त्या गुरुवारी सकाळी तो दुकान उघडायला आला, तर पायरीवर ठकुबाई बसलेली. वेल्ह्याची. तिचा नवरा रखमाजी बसऱ्याला उस्मानच्याच तुकडीत तारेची रिळं वाहायचा. तो वारून सहा वर्षं झाली होती. एकुलता एक लेक भिमा या लढाईवर गेला आणि दीड वर्षापूर्वी आफ्रिकेच्या वाळवंटात बेपत्ता झाला. सरकारी तारेत तेवढंच लिहिलं होतं, बेपत्ता. आहे की गेला, सांगणारं कुणी नव्हतं.

"उस्मानभाऊ, शनवारी पुतळा जाळायचं ठरलंय," ती म्हणाली. "दर्भाचा, भिमाच्या नावानं. भाऊबंद आयकत न्हाईत. दीड वरीस झालं म्हंत्यात, माणूस असता तर कायतरी कळलं असतं. पुतळा जाळला की सुनंचं कुंकू पुसायचं. पोर अजून इशीत बी न्हाई हो माजी."

"पन वैनी, दर गुरुवारी रेडिओवर नावं वाचत्यात की कैद झालेल्यांची."

हे उस्मानला पक्कं ठाऊक होतं. शत्रूचं एक स्टेशन संध्याकाळी साडेसहाला, पकडलेल्या हिंदी शिपायांची नावं गावासकट हिंदुस्तानीतून वाचायचं. ते ऐकणं तसं चोरीचंच, पण ज्यांची पोरं त्या कैदेत त्यांना कोण अडवणार?

"तेच तर. मागल्या गुरुवारी आंबवड्याला गेल्ते, आनंदरावांच्या घरी. म्या आन् उत्रोलीची रतनबाई. तिचा कुंडलिक भिमाच्याच कंपनीत हाय. आनंदरावांनी डब्याला कान लावला, लई येळ ऐकलं, आन् म्हनले, दोघांची बी नावं न्हाईत. साफ न्हाईत."

"मग?"

"मग काय, रतनबाईनं सोमवारी पुतळा जाळला. सुनंच्या बांगड्या सवताच्या हातानं फोडल्या." ठकुबाईनं पदर तोंडाला लावला. "माजं मन घेत न्हाई, भाऊ. आज एकडाव तुमी कान लावा. तुमी न्हाई म्हनला, तर म्या गप घरी जाते आन् काय करायचं ते करते."

उस्माननं उघडलेलं दुकान तसंच बंद केलं. पक्कड, जस्ती तारेचं भेंडोळं, लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा आणि बसऱ्याहून आणलेले कानाचे फोन पिशवीत टाकले, ओळखीच्या एकाची बैलगाडी मागून घेतली आणि दोघं आंबवड्याला निघाली.

आता आनंदरावांबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना तोंड चांगलं ठेवणं अवघड आहे. संस्थानच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. नोकरी संपली, पण ताठा काही संपला नाही. आंबवड्यात त्यांच्या घरी दोन अपूर्व वस्तू होत्या. एक बॅटरीवरचा रेडिओ, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला. दुसरी, ओसरीवर टांगलेला विजेचा दिवा. गोठ्याशेजारी पेट्रोलचं छोटं इंजिन होतं, त्याला डायनामो जोडलेला, आणि त्यावर हा एकुलता एक दिवा जळायचा. लोकांना घासलेट मिळेना म्हणून पोरंबाळं काळोखात जेवत होती त्या दिवसांत यांना दिव्यासाठी पेट्रोल कुठून मिळायचं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी दिवा लागला की गावातली माणसं अंगणात रांगेनं येऊन बसायची. आनंदराव रेडिओ लावायचे. त्यातून खरखर, घरघर आणि मधूनच एखादी किंकाळी यायची. आनंदराव डोळे मिटून ऐकायचे आणि मग अर्थ सांगायचे. "साहेब म्हणतो, आपली सरशी आहे." लोक माना हलवायचे. एकदा कुणीतरी भीत भीत विचारलं की हा खरखर आवाज कसला, तर आनंदराव म्हणाले, "मधे समुद्र आहे ना. लाटा ऐकू येतात." आणि लोकांनी ते ऐकून घेतलं! उस्मानला ही गोष्ट कळली तेव्हा त्याला दिवसभर जेवण गेलं नव्हतं.

"ये उस्मान, ये," आनंदराव झोपाळ्यावरून म्हणाले. पानाचा तोबरा भरलेला, हनुवटीवर लाल ओघळ. ठकुबाईकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "बाई, तुला मागेच सांगितलं होतं. यादीत नाही."

"व्हय रावसाब. पन आज आनखी एकडाव ऐकते."

"ऐक बापडी. आमच्या घरी कुणाला मनाई नाही. आणि उस्मान, तू आलाच आहेस तर यंत्राकडे जरा नजर टाक. हल्ली लाटांचा जोर फार झालाय."

उस्मान लगेच कामाला लागला. चार वाजले होते.

आधी त्यानं वरची तार बघितली. रेडिओचे कान म्हणजे ही तार. ती उंच, मोकळी, कशाला न टेकता ताणलेली हवी. इथं ती गोठ्याच्या पत्र्यावर लोळत पडलेली, आणि पुढच्या टोकाला दोन धोतरं आणि एक चोळी वाळत घातलेली! जोडाजोडांवर हिरवा कळंक चढलेला. उस्माननं धोतरं काढून अंगणात फेकली. आनंदरावांची बायको धोंडाबाई आतून धावत आली, तर हा म्हणाला, "काकू, चिंच द्या वाइच. तांब्याचं भांडं घासता तशी ही तार घासायचीय." त्या माउलीनं मुकाट चिंच आणून दिली, आणि स्वतः बसून जोड लखलखीत घासून, धुऊन, पुसून दिले. बाटल्यांचे गळे फोडून उस्माननं तारेच्या दोन्ही टोकांना अडकवले, म्हणजे झाडाची ओल तारेत शिरायला नको, आणि गडी गेनूला फणसावर चढवून तार पत्र्यापासून लांब, आडवी ताणली.

मग दुसरी तार, जमिनीत जाणारी. ती खिडकीतून बाहेर येऊन मोगऱ्याच्या एका कुंडीत पुरलेली होती. कुंडी दगडी कट्ट्यावर ठेवलेली.

"ही इथं कुणी घातली?"

"मीच," आनंदराव अभिमानानं म्हणाले. "कंपनीचा माणूस म्हणाला, मातीत पुरा. अंगणाचं सारवण कोण उकरणार? ही माती चाळलेली आहे, शेणखत घातलेली. अशी स्वच्छ माती साऱ्या गावात नाही."

"रावसाहेब, कुंडी म्हंजे जमीन न्हवं," उस्मान म्हणाला. "तार खाली धरणीला भिडली पायजे, आन् ती बी ओल्या धरणीला. कोरड्या मातीत तार घातली काय आन् तुमच्या पानाच्या डब्यात घातली काय, सारखंच."

तो परसात गेला. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडायचं तिथं अळवाचा वाफा होता, बारा महिने ओला. काळा चिखल, साबणाचा, खरकट्याचा, शेवाळाचा वास. उस्माननं पायजमा गुडघ्यापर्यंत सारला, चिखलात उतरला आणि पाइपाचा तुकडा दगडानं ठोकत पार आत घातला. पाइपाला तार गुंडाळली, पक्कडीनं आवळली. कोपरापर्यंत हात बरबटले.

आनंदराव नाकाला उपरणं लावून दारात उभे. "शी शी शी! अरे, मोरीच्या घाणीत माझा रेडिओ जोडतोस?"

"या घरात तेवढीच जागा त्याच्या कामाची हाय," उस्मान म्हणाला.

साडेपाचला त्यानं रेडिओ लावला. काय सांगावं! खरखर नाही, किंकाळी नाही. कुठल्या लांबच्या गावातली सारंगी अशी स्वच्छ आली, की बोट तारेवरून घसरतं तेही ऐकू यावं. धोंडाबाई माजघराच्या उंबऱ्यात थबकली. गेनूनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आयला, यात मानसं हायती व्हय!" ठकुबाई खांबाला टेकून बसली होती, ती नुसती हात जोडून हसली. कोलंबोशी गप्पा बंद झाल्यापासून उस्मानला इतकं बरं वाटलं नव्हतं. मनात म्हणाला, आता एक तास. नाव असेल तर सुईच्या टोकाएवढं असलं तरी ऐकू येईल.

सहा वाजले. माणसं येऊन अंगणात बसायला लागली. गेनू गोठ्याशेजारी गेला, त्यानं इंजिनाला दोरी गुंडाळून हिसका दिला, इंजिन फटफटलं, ओसरीवरचा दिवा पेटला, आणि त्याच क्षणी रेडिओतून घर्रर्रर्र असा आवाज फुटला, की सारंगी त्यात बुडूनच गेली.

उस्माननं काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. सगळीकडे तेच. तो उठून डायनामोपाशी गेला. आतल्या चकतीवर जिथं कोळशाचे तुकडे घासत होते, तिथं निळ्या ठिणग्या नुसत्या तडतडत होत्या. जिथं अशी ठिणगी, तिथं रेडिओ बहिरा, हे बसऱ्याच्या पलटणीतलं पोरगंही सांगेल.

"गेनू, हे इंजिन रोज चालतं?"

"रोज. सा ते नऊ. पाव्हणं आलं तर धा."

"मागल्या गुरुवारी?"

"व्हय की. मागल्या गुरुवारी तर मालकांनी साडेपाचलाच लावाय सांगितलं व्हतं."

म्हणजे गेल्या गुरुवारी या माणसानं डब्याला कान लावून लई वेळ ऐकलं, ते हे ऐकलं. ही घरघर. यात नाव काय, माणसाचा आवाज ओळखू येणं शक्य नव्हतं. आणि त्यावर यानं दोन आयांना सांगितलं, साफ नाही! उस्मानला वाटलं, आत्ता या ओसरीवर ओकावं.

पण साडेसहाला दहा मिनिटं कमी होती. तो ओसरीवर आला. "रावसाहेब, पाव तास दिवा बंद करा."

"काय?"

"तुमचा दिवा आवाज खातोय. पाव तास. बाईला नाव ऐकू दे. मग रात्रभर जाळा."

आनंदरावांनी अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांचे कान टवकारलेले. "उस्मान, तुमच्यात चालत असेल, आमच्यात नाही. तिन्हीसांजेला घरातला दिवा घालवायचा? लक्ष्मीच्या पावलाला अंधार करायचा? सवाष्णीचं घर आहे हे."

अंगणातून दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रावसाहेब बरोबर बोलतात. त्या माना बघून उस्मानच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईचा लेक जिवंत आहे की मेला ते त्या डब्यात आहे, आणि यांना लक्ष्मीची काळजी! लक्ष्मी काय पेट्रोलच्या दिव्याला भाळून येते होय?

तो काही बोलायच्या आत ठकुबाई उठली. अंगणातल्या तुळशीपाशी धोंडाबाईनं लावलेली पणती होती. ठकुबाईनं ती ओंजळीत धरून, वाऱ्याला पदर आडवा करून आणली आणि ओसरीच्या मधोमध ठेवली.

"हा घ्या दिवा, रावसाब," ती म्हणाली. "तुळशीचा हाय. लक्षुमीला वाट घावंल. आता त्यो तुमचा वरचा इजवा वाइच."

म्हाताऱ्यांनी पुन्हा माना डोलावल्या, बाई बरोबर बोलते. आनंदराव "पण, तसं नव्हे, शास्त्र असं आहे की" असं करत राहिले, आणि तेवढ्यात गोठ्याकडून इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. वरचा दिवा लाल होऊन गेला.

"तेल सपलं, मालक," गेनू अंधारातून म्हणाला. त्याचा हात तेलाच्या तोटीवर होता, तो फक्त उस्मानला दिसला.

पणतीच्या उजेडात उस्माननं काटा हळूच सरकवला. आवाज आला. स्वच्छ, एखादा माणूस शेजारी बसून बोलावा तसा. "पिछली जुमेरात की फ़ेहरिस्त दोबारा पढ़ी जाती है." मागच्या गुरुवारचीच यादी पुन्हा. उस्मान पेन्सिल घेऊन बसला. नावं येत राहिली. पंजाबची, कुमाऊंची, मद्रासची.

"सिपाही भीमा रखमाजी. गाँव वेल्हे, रियासत भोर. ख़ैरियत से हैं."

ठकुबाई खांबाला मिठी मारून हळूहळू खाली बसली आणि "हाय गं बाई, हाय माजा, हाय," असं पुटपुटत राहिली. धोंडाबाई धावत येऊन तिला धरून बसली, ती स्वतःच हुंदके देत. उस्मानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो लिहीतच होता, कारण यादी संपली नव्हती. एक नाव साताऱ्याचं. एक नगरचं. आणि मग,

"सिपाही कुंडलिक ज्ञानू. गाँव उतरोली, रियासत भोर. ख़ैरियत से हैं."

ठकुबाईचं पुटपुटणं थांबलं.

यादी संपली. उस्माननं रेडिओ बंद केला. आणि पहिलं बोलले ते आनंदराव. त्यांनी घसा खाकरला, पिंक टाकली आणि अंगणाकडे वळून म्हणाले, "बघितलंत? एक नाही, दोन पोरं! ज्याचा पुतळा जळाला, ते पोर माझ्या रेडिओनं जितं केलं. आहे असं यंत्र पंचक्रोशीत?"

आणि काय सांगू, अंगणातल्या कुणीतरी टाळी वाजवली.

"मागल्या गुरुवारी हीच यादी होती," उस्मान म्हणाला. "दोन्ही नावं होती. तुमी साफ न्हाईत म्हनला."

"अरे, आवाज जरा अस्पष्ट होता त्या दिवशी."

"अस्पष्ट? एक तरी नाव ऐकू आलं होतं का तुमाला?"

आनंदराव खाली वाकले, हलक्या आवाजात म्हणाले, जसं काही उस्मान त्यांच्यातलाच एक होता, "चाळीस माणसं बसली होती, उस्मान. त्यांच्यापुढं मला ऐकू आलं नाही म्हणायचं? माझ्या घरात, माझ्या रेडिओवर?"

त्यांच्या तोंडाचा पानाचा वास उस्मानच्या नाकात गेला. मघाशी अळवाच्या चिखलात कोपरापर्यंत हात घातले तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र तो दोन पावलं मागं सरला आणि हात पायजम्याला पुसत राहिला.

ठकुबाई उठून उभी राहिली. "रावसाब, ऐकू आलं न्हाई, येवढंच म्हनायचं व्हतं," ती म्हणाली. "येवढंच. आमी आनखी एक गुरुवार आलो असतो." मग ती धोंडाबाईकडे वळली. "बाई, चिमूटभर कुंकू द्या मला."

धोंडाबाई आत गेली आणि कुंकवाचा आख्खा करंडा घेऊन आली. हातातल्या हिरव्या बांगड्यांतल्या चार उतरवून तिनं करंड्यावर ठेवल्या. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"गेनू! अरे, तेल घाल, इंजिन लाव," आनंदरावांनी हाक मारली. "आता बातम्या लागतील."

बैलगाडी वेशीबाहेर आली तेव्हा मागं फटफट सुरू झाली होती. उस्माननं वळून पाहिलं. ओसरीवर दिवा लागला होता, लोक पुन्हा रांगेनं बसले होते, आणि एवढ्या लांबूनही ती घरघर ऐकू येत होती. ती ऐकून आनंदराव अर्थ सांगत असणार. उस्मान रस्त्याच्या कडेला थुंकला.

"वैनी, रातीला माज्या घरी ऱ्हावा. उजाडताच वेल्ह्याला सोडतो तुमाला," तो म्हणाला. "सून वाट बघत आसंल."

ठकुबाईनं करंडा पदराखाली दोन्ही हातांनी धरला होता. "आदी उत्रोलीला घ्या गाडी, भाऊ," ती म्हणाली. "माज्या घरी अजून शनवार यायचाय. रतनबाईच्या घरी सोमवार हून गेला."

उस्माननं कासरा ओढला आणि गाडी उत्रोलीच्या वाटेला लावली.